सनदचाचा

गावच्या व्हॉट्सॲप गटावर कुणाच्या मरणाची बातमी आली की ती लगेच खरी धरायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ‘इन्ना लिल्लाहि’च्या पाठोपाठ चाचांचे प्रश्न येतात. कुणी सांगितलं? सांगणारा तिथे हजर होता का? नसेल तर त्याला कुणी सांगितलं? मयताच्या घरचे लोक एकीकडे रडत असतात आणि दुसरीकडे चाचांना उत्तरं देत असतात. लोक वैतागतात. पण मध्यंतरी कुवेतहून एका बुजुर्गांच्या इंतिकालची खबर आली, लोकांनी भराभर मगफिरतच्या दुआ लिहिल्या, आणि त्या रांगेत एक ‘आमीन’ खुद्द त्या बुजुर्गांचंच निघालं. वर काय लिहिलंय ते न वाचता आमीन म्हणायची त्यांची सवय. तेव्हापासून चाचांच्या प्रश्नांना कुणी उघड विरोध करत नाही.

चाचा म्हणजे सगळ्या गावाचे चाचा. माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे नात्याने मामू, पण मीही चाचाच म्हणतो. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तरकी करून निवृत्त झाले. घरात कोकणी, वर्गात उर्दू, एस.टी.त मराठी आणि संताप अनावर झाला की अरबी, अशी त्यांची भाषेची वाटणी आहे. गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठचं. आजोबांच्या पिढीने बोटीवर खलाशीपण केलं, बापांनी आखाताची वाट धरली, आणि आता निम्मं गाव मुंब्रा-कुर्ल्यात आणि उरलेलं कुवेत-दोह्यात आहे. गावात राहणाऱ्यांपेक्षा गटात राहणारे जास्त. ग्रामपंचायतीची सभा कोरमअभावी तहकूब होते. गट कधीच तहकूब होत नाही. आणि गटाचे ॲडमिन चाचा.

त्यांचा सगळा कारभार हदीसशास्त्रातल्या एका शब्दावर चालतो: सनद. पैगंबरसाहेबांचं अमुक वचन मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, त्याने आणखी कुणाकडून, अशी थेट मूळ ऐकणाऱ्यापर्यंत जाणारी माणसांची साखळी. त्यातली एक कडी लबाड, विसराळू किंवा बेपत्ता निघाली की वचन कितीही गोड असो, बाजूला ठेवायचं. इमाम बुखारींनी नवव्या शतकात हेच केलं. चाचा एकविसाव्या शतकात गॅस सबसिडीच्या मेसेजला तेच लावतात.

चाचा आलिम नाहीत, हे सांगायला हवं. मशिदीत बिहारचे एक तरुण मौलाना आहेत, रीतसर शिकलेले. पण चाचांनी उर्दू तर्जुम्यातले बुखारी आणि मुस्लिम हे दोन्ही हदीससंग्रह पेन्सिलीने रेघा मारमारून वाचले आहेत, आणि मौलानांचा पगार ठरवणाऱ्या कमिटीवरही ते आहेत. त्यामुळे कुणी मौलानांकडे तक्रार घेऊन गेलं, तर ते दाढीवरून हात फिरवत म्हणतात, “मास्टरसाब ठीक ही फ़रमाते हैं.”

सूरह हुजुरात चाचांची सर्वांत लाडकी. अवघ्या अठरा आयती, पण त्यांच्या मते फोन वापरायची सगळी नियमावली तीत आहे. सहावी आयत सांगते, बातमी आली की पारखून घ्या. बारावी सांगते, संशय घेऊ नका, पाळत ठेवू नका, पाठीमागे निंदा करू नका. निंदा म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. सहावीकडून बारावीकडे जाताना मधे अकरावी लागते आणि तिथे चाचा जरा घाईने वाचतात. तिच्यात एकमेकांना टोपणनावं ठेवू नका असं आहे, आणि ‘सनदचाचा’ हे नाव गावाने ठेवलंय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. एकदा मी विचारलंच. ते म्हणाले, “ते टोपणनाव नाही रे. हुद्दा आहे.”

इमाम गझालींनी ‘इहया’ या ग्रंथात जिभेच्या वीस आफती मोजल्या आहेत. गझाली 1111 साली गेले, त्यामुळे त्यांची यादी अपुरी राहिली, असं चाचांचं मत. एकविसावी आफत अंगठा.

आता सलामचं प्रकरण. कुणी सलाम केला तर त्याहून चांगल्या शब्दांत, निदान तेवढंच उत्तर द्यावं असा कुराणाचा आदेश. पहाटे फज्रनंतर गटावर एकजण ‘अस्सलामु अलैकुम’ लिहितो. दुसरा उत्तरात ‘व रहमतुल्लाहि’ जोडतो. तिसरा ‘व बरकातुहू’पर्यंत जातो. चौथ्याला आणखी पुढे जायचं असतं, तो ‘व मगफिरतुहू’ लिहितो. नाश्त्याच्या वेळेपर्यंत गटावर एवढी सलामती जमा होते की ‘आज नळाला पाणी येणार नाही’ ही पाणीवाल्याची सूचना तिच्याखाली गाडली जाते आणि बायका हंडे घेऊन नळावर जाऊन परत येतात. शिवाय नव्या पोरांचा ‘असलकम’. त्याला चाचा उत्तर देत नाहीत, दुरुस्ती पाठवतात.

त्यांनी पुस्तकं काढली. मसला सापडला: बैठकीत सलाम आला तर एकाने उत्तर दिलं की सगळ्यांच्या वतीने पुरे. गटाने सुटकेचा श्वास टाकला. पण तो एक कोण? सगळेच म्हणू लागले, सवाब, म्हणजे पुण्य, मला हवं. मास्तर माणूस, शेवटी वेळापत्रक केलं: सोमवारी मुंब्रा, मंगळवारी कुवेत, बुधवारी गाव, गुरुवारी दोहा. मंगळवारी पेच आला. कुवेत आपल्या अडीच तास मागे. आपल्याकडे पहाटे झालेला सलाम तिकडची माणसं झोपेतून उठेपर्यंत उत्तराविना लटकत राहायचा, आणि तोवर बेचैन झालेले चाचा स्वतःच उत्तर देऊन टाकायचे. मग कुवेतवाले रुसायचे.

फोन करायचीही त्यांची रीत आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना तीनदा इजाजत मागावी, नाही मिळाली तर मुकाट परत फिरावं, ही हदीस. फोन म्हणजे दुसऱ्याच्या घराचा दरवाजा, म्हणून चाचा तीन रिंगा देतात आणि ठेवून देतात. तीन रिंगांत कोण फोन उचलतो? माणूस हात पुसून येईपर्यंत बंद. नवख्या लोकांना वाटतं, मास्तर पैसे वाचवायला मिस्ड कॉल देतात. सगळ्या नेटवर्कांनी बोलणं फुकट केल्यावरही हा समज गेलेला नाही.

खोट्या फॉरवर्डशी त्यांचं वैर फोनच्या आधीपासूनचं आहे. आमच्या लहानपणी गावात एक पत्रक फिरायचं. मदिन्यातल्या रौझ्याचे खादिम शेख अहमद यांना स्वप्न पडलं, कयामत जवळ आली आहे, या पत्रकाच्या इतक्या प्रती काढून वाटा. ज्याने वाटल्या त्याला धंद्यात बरकत आली, ज्याने फेकून दिलं त्याचा मुलगा गेला. मराठी शाळेतल्या दोस्तांकडे संतोषी मातेची पोस्टकार्डं यायची, त्यांत नफा-नुकसानीचा तपशील जवळजवळ तोच. आम्ही मधल्या सुट्टीत ताडून पाहायचो. एका मुलाने ते पत्रक वर्गात आणलं तेव्हा चाचांनी ते सगळ्यांसमोर टराटरा फाडलं आणि तुकडे खिशात घातले, कारण त्यावर अल्लाहचं नाव होतं. आम्ही पोरं पुढचा आठवडाभर चाचा कधी मरतात याची वाट पाहत होतो. ते मेले नाहीतच, उलट त्याच आठवड्यात त्यांनी आमची भूमितीची चाचणी घेतली.

पुढे त्यांना कळलं की हे स्वप्न फार जुनं आहे. 1880च्या दशकात स्नूक हुर्ग्रोन्ये नावाच्या डच पंडिताने त्याच्यावर लिहिलं होतं, तेव्हा ते इंडोनेशियाच्या बाजूला फिरत होतं. सौदीच्या शेख बिन बाझ यांनीही ते साफ खोटं असल्याचं लिहून ठेवलं. चाचा म्हणतात, “दीडशे वर्षं झाली, हा माणूस रोज तेच स्वप्न बघतोय. एकदा तरी कूस बदलावी.” ते स्वप्न आता फोनवर येतं, खाली ‘अकरा जणांना पाठवा’. आमच्या गटावर ते आलं की चाचा त्यावर फक्त एक शब्द लिहितात: ‘मौजू’. म्हणजे बनावट. हा शिक्का बसला की पाठवणाऱ्याने दोन दिवस गटावर तोंड दाखवायचं नाही, असा संकेत.

पाठवणारा बिचारा म्हणतो, “चाचा, चांगल्यासाठीच पाठवलं. वाचून कुणी नमाजला लागलं तर वाईट काय?” इथे चाचा नूह बिन अबी मरियमला बाहेर काढतात. हा आठव्या शतकातला माणूस, मोठा विद्वान. कुराणातल्या एकेका सूरहचे फायदे सांगणाऱ्या हदीसा त्याने पदरच्या रचल्या. विचारलं तेव्हा म्हणाला, लोक इतर विद्यांत गुंतून कुराण विसरायला लागले होते, म्हणून सवाबासाठी केलं. चाचांच्या लेखी हा सर्वांत धोकादायक इसम. “चोर रात्री येतो, आपण कडी लावतो,” ते म्हणतात. “हा दिवसा येतो, टोपी घालून, आणि आपण त्याला चहा पाजतो.” गावातल्या पोराटोरांना आता नूह बिन अबी मरियम हा कुणीतरी पलीकडच्या वाडीतला गृहस्थ वाटतो.

हा नियम ते स्वतःलाही लावतात, हे मात्र मानलं पाहिजे. इमाम बुखारींची एक गोष्ट ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. इमामसाहेब एक हदीस ऐकायला दूरचा प्रवास करून एका माणसाकडे गेले. तो माणूस रिकामा पदर पुढे करून, त्यात दाणा आहे असं भासवून घोड्याला बोलावत होता. जो जनावराला फसवतो त्याची हदीस नको, म्हणून इमामसाहेब दारातूनच परत फिरले. झकास गोष्ट. एकदा एका चहाटळ पोराने विचारलं, “चाचा, ह्याची सनद?” चाचा गप्प झाले. कपाटातली सगळी पुस्तकं खाली आली. काही दिवसांनी गटावर निवेदन: ‘सदर वाकया माझ्याकडील कोणत्याही किताबात सनदेसह आढळला नाही. आजपासून सांगणे बंद.’ गावाची सर्वांत चांगली गोष्ट अशी गेली. मला अजून त्या पोराचा राग येतो.

1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी फोनवरून पसरलेली आवई, एवढंच कारण. त्याच सुमारास आमच्या गटावरही मेसेज आला होता: खाडीपलीकडे अनोळखी गाडी दिसली, बायका-पोरांना सांभाळा. चाचांनी त्या दिवशी कुणाची थट्टा केली नाही की ‘मौजू’ लिहिलं नाही. इशाच्या नमाजनंतर लोकांना थांबवून घेतलं आणि सहाव्या आयतीमागची हकीकत सांगितली. वलीद बिन उकबाला बनू मुस्तलिक कबिल्याकडे जकात आणायला पाठवलं होतं. तो अर्ध्या वाटेवरून परत आला आणि म्हणाला, ते लोक माझ्या जिवावर उठले. त्या एका माणसाच्या शब्दावर फौज निघायची वेळ आली होती. ते लोक तर जकात घेऊन स्वागताला उभे होते. “गाडीचा नंबर कुणी पाहिला?” चाचांनी विचारलं. कुणीच नव्हता पाहिला. गाडी गोधड्या विकणाऱ्याची होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तो आमच्या गावातही आला आणि चाचींनी त्याच्याकडून दोन गोधड्या घेतल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. आपलं कुणीतरी ऐकलं, असं चाचांना अजून वाटतं.

दिखाव्यावर, म्हणजे रियावर, त्यांचा खास डोळा. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये अशी शिकवण. दोह्याच्या एका शेठने मशिदीला पंखे दिले आणि देतानाचा फोटो गटावर टाकला. चाचांनी खाली लिहिलं: ‘फोटो डाव्या हाताने काढलेला दिसतो.’ एकजण उमराहला गेला, पावलोपावली व्हिडिओ. चाचा: ‘तवाफच्या फेऱ्या सात. स्टेटस अकरा. वरचे चार कुणाचे?’ आणि शुक्रवारी येणारे ‘जुम्मा मुबारक’चे गुलाब. जुम्म्याला गुस्ल करा, अत्तर लावा, दुरूद पढा, एवढं सांगितलेलं आहे. गुलाबाच्या चित्रांनी मास्तरांच्या फोनची मेमरी भरवा असं कुठे आहे?

पण त्यांची खरी कमाल शबे-बारातला दिसते. त्या रात्री सगळ्यांकडून सगळ्यांना एकच मेसेज जातो: माझ्याकडून कळत-नकळत काही चूक झाली असेल तर माफ करा. चाचांचं म्हणणं, अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करील. माणसाचा केला असेल तर त्या माणसाकडे जाऊन, गुन्ह्याचं नाव घेऊन माफी मागावी लागते. घाऊक चालत नाही. म्हणून ते प्रत्येकाला उलट विचारतात: ‘कोणत्या चुकीबद्दल?’ बहुतेक लोक हसणारा चेहरा पाठवून सुटतात. पण एका साली शेजारच्या पुतण्याच्या नावाखाली बराच वेळ ‘टायपिंग…’ दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं. शेवटी उत्तर आलं: ‘गडग्याबद्दल.’ पुतण्याने आमराईतला जांभ्याचा गडगा वीतभर चाचांच्या बाजूला सरकवला होता, आणि चाचांना त्याचा पत्ताच नव्हता! वीतभर जमीन हडपणाऱ्याच्या गळ्यात कयामतीला सात जमिनींचा फास पडेल, अशी हदीस आहे. पोरगं त्या रात्री ती ऐकून आलेलं असणार. चाचांनी माफ केलं. गडगा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी टेप लावून मागे घेतला.

त्यानंतर चाचांनी गीबतकडे मोर्चा वळवला आणि तिथे गट संपला. हदीसचा हिशेब सरळ आहे: एखाद्याच्या माघारी त्याला न आवडणारं बोललात आणि ते खरं असेल तर ती गीबत, खोटं असेल तर ते बोहतान, म्हणजे तोहमत. दोन्हीकडून रस्ता बंद. अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं: खरं आहे ना? मग गीबत. तमक्याला कंपनीने काढला: नक्की माहीत नाही? मग बोहतान. जुन्या उलेमांनी काही सवलती दिल्या आहेत, जुलमाची दाद मागताना किंवा कुणी स्थळाची चौकशी केली तर खरं सांगता येतं. त्याचा फायदा घेऊन लोक काही दिवस प्रत्येक वाक्य ‘स्थळासाठी विचारतोय’ असं सुरू करायचे. ज्याच्याबद्दल विचारायचे तो पासष्ट वर्षांचा, तीन नातवंडांचा आजोबा असायचा.

माणसांचं गाव गप्पांशिवाय कसं चालणार? गटावर शुकशुकाट झाला. नळाचं पाणी, नमाजच्या वेळा आणि चाचा, एवढंच उरलं. थोड्याच दिवसांत ‘गाव न्यू’ नावाचा दुसरा गट निघाला. त्यात सगळे होते. चाचा नव्हते.

त्यांना हे कळलं. न कळायला काय झालं, मुंब्र्याचं माणूस आणि गावचं माणूस एकाच जोकवर मशिदीच्या पायरीशी हसताना दिसलं की मास्तर ओळखतोच. पण करतील काय? संशय घेऊ नका, बारावी आयत. पाळत ठेवू नका, तीच आयत. कुणाला विचारलं तर तो तजस्सुस, म्हणजे हेरगिरी. न विचारावं तर जीव वर-खाली. महिनाभर ते, घेता येत नाही असा संशय मनात घेऊन, गावभर फिरत होते.

मे महिन्यात मी गावी गेलो होतो. संध्याकाळी चाचांच्या पडवीत बसलो होतो, आणि त्यांचा फोन वाजायला लागला. वेगवेगळ्या माणसांकडून खासगीत एकच मेसेज: आज रात्री कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, नासाने सांगितलंय, फोन बंद करून लांब ठेवा. आणि प्रत्येकाची खाली तीच पुरवणी: ‘चाचा, हे खरं आहे का? कुणाला सांगू नका मी विचारलं.’ ज्यांनी त्यांना गटाबाहेर ठेवलं होतं तेच सगळे. सनद मागायला माणूस नाही म्हटल्यावर घाबरले होते.

चाचांचा चेहरा किती खुलला म्हणून सांगू! कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून त्यांनी पेन्सिल घेतली. “हे कोणत्या गटावर आलं ते मी विचारणार नाही,” ते म्हणाले. “मजकूर काय सांगतो ते फक्त बघायचं.” मग नावं मांडली. दोह्याच्या तिघांकडे ‘कॉस्मेटिक किरणं’, म्हणजे ते एकाच माणसाकडून आलेले. मुंब्र्यात त्याच्या बायकोचं पार्लर आहे. कुवेतवाल्यांकडे मेसेजमधलं ‘सिंगापूर टीव्ही’ गळालेलं. रेघा जुळत गेल्या. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. हा मेसेज जुना, जगभर फिरून झालेला. त्यात वेळ नेहमी रात्री साडेबारा ते साडेतीन असते. इथे सगळ्यांकडे ‘नऊ ते साडेतीन’.

“ही जियादत,” चाचा म्हणाले. मूळ मजकुरात एखाद्या सांगणाऱ्याने आपली भर घातली की हदीसवाले तिला हेच म्हणतात. “साडेबाराचे नऊ कुणी केले? नऊला फोन बंद करून कुणाचा फायदा?”

नऊ ते बारा ही चाचांची गटाला उत्तरं लिहायची वेळ, हे मला आठवलं. पण मी बोललो नाही. त्यांची पेन्सिल चालू होती. सगळ्या रेघा जिथे मिळतात त्या माणसाला हदीसशास्त्रात मदार म्हणतात. कुवेतची रेघ भाच्याकडे गेली, भाच्याची त्याच्या आईकडे, आईची तिच्या धाकट्या बहिणीकडे. मुंब्र्याची रेघही फिरून त्याच बहिणीकडे आली. चाचांनी त्या नावाभोवती गोल काढला आणि चष्मा वर करून बघत राहिले. मग हळूच मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“चाचा, हा तजस्सुस झाला,” मी म्हटलं.

“गप. हा इल्मुर्रिजाल आहे.” रावींची, म्हणजे सांगणाऱ्या माणसांची, पारख करणारं शास्त्र.

ते उठले. स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी सलाम केला. उत्तर नाही. पुन्हा केला. तिसऱ्याला आतून चाचींचा आवाज आला, “दार उघडंच आहे. चाळीस वर्षं उघडंच आहे.”

“तो किरणांचा मेसेज…”

“खोटा आहे, ठाऊक आहे मला. मला आला, मी वेळ बदलून गटात टाकला. म्हटलं, फिरत फिरत तुमच्यापर्यंत येईलच. एक रात्र तरी तुमचा फोन बंद राहील, माणसासारखे जेवाल, झोपाल. चांगल्यासाठीच केलं.”

चाचांनी दाराची चौकट धरली. “नूह बिन अबी मरियम!” ते म्हणाले. “माझ्या घरात!”

“कोण पाहुणे असतील त्यांना पडवीत बसवा,” चाची आतून म्हणाल्या, “आणि फोन इकडे द्या. नऊला पाच कमी आहेत.”